कढीपत्ता चोळलेलं मडकं

बंगळुरूच्या पूर्वेला महादेवपुऱ्यात उन्हाळ्यातला पहिला दणकट पाऊस बहुधा एप्रिलच्या अखेरीस नाहीतर मे महिन्यात येतो. आपल्याकडे ज्याला वळीव म्हणतात तोच हा. दुपारभर तापलेली तांबडी माती तासाभरात भिजते, वारा पडतो, आणि दिवेलागणीला जमिनीतून पाखरं निघतात. टेक पार्कच्या कुंपणावरचे दिवे, चहाच्या टपरीवरचा बल्ब, बाराव्या मजल्यावरच्या बाल्कनीतली ट्यूब, जिथं उजेड तिथं ती. सकाळी जिन्यात आणि खिडकीच्या चौकटीत नुसते पंख उरतात, कांद्याच्या पातीवरच्या पापुद्र्यासारखे, फुंकर मारली तरी उडणारे. आणि त्याच सकाळी सोसायटीतल्या लोकांचे दोन प्रश्न ठरलेले असतात: ही आली कुठून, आणि आता घर पोखरणार का?

या प्रश्नांना कीटकशास्त्राकडे चांगली उत्तरं आहेत. ती आधी सांगते, म्हणजे पुढच्या इतिहासाकडे निर्धास्तपणे वळता येईल.

ही पाखरं म्हणजे वाळवीच. वारुळातल्या बहुसंख्य कामकरी वाळव्या आंधळ्या, बिनपंखी आणि वांझ असतात. त्यांचं आयुष्य अंधारात जातं. मात्र वारूळ काही वर्षांचं होऊन भरभराटीला आलं की त्यात दरवर्षी एक वेगळी पिढी वाढवली जाते. तिला डोळे असतात, चार सारख्या लांबीचे पंख असतात आणि प्रजननाची क्षमता असते. ही पिढी पावसाच्या आधीच तयार होऊन आत थांबलेली असते. कामकरी वाळव्या तिच्यासाठी वर येणाऱ्या वाटा खणून ठेवतात. पावसानं माती मऊ झाली, हवा दमट आणि निवांत झाली की एका जातीची आसपासची अनेक वारुळं एकाच संध्याकाळी उघडतात. वेगवेगळ्या जातींची वेळ वेगवेगळी असते. कुणी तिन्हीसांजेला निघतात, कुणी रात्री.

सगळ्यांनी एकदम निघण्याचे दोन फायदे. एक, दुसऱ्या वारुळातला जोडीदार मिळतो. दोन, खाणारे कितीही असले तरी काही जोड्या उरतात. आणि खाणारे खूपच असतात: पाली, बेडूक, कोतवाल, वेडे राघू, घारी, मुंग्या. उड्डाण फार वेळ चालत नाही. खाली उतरल्यावर पाखरू आपले पंख मुळाशी असलेल्या रेषेवर मोडून टाकतं. मादी गंध सोडते, नर तिच्या मागोमाग चालू लागतो, आणि ही जोडी ओलसर मातीत शिरून नवं घर मांडते. मुंग्यांमध्ये आणि मधमाश्यांमध्ये नराचं काम एका मीलनात संपतं. वाळवीचा राजा मात्र राणीबरोबर जन्मभर राहतो. मुळात वाळवी मुंगीच्या कुळातली नाहीच. इंग्रजांनी तिला ‘पांढरी मुंगी’ म्हटलं, पण शास्त्रज्ञ आता तिला झुरळांच्या वंशात धरतात.

घराचं म्हणाल तर दिव्यापाशी आलेलं पाखरू लाकूड खात नाही. फरशीवर उतरलेल्या जोडीला माती मिळाली नाही की ती मरते. खिडक्या लावून तासभर दिवे मालवले तर बाहेरची पाखरं आत येत नाहीत. काळजी करायची ती वेगळ्या खुणेची: पाखरं बाहेरून न येता दाराच्या चौकटीच्या बुडातून किंवा भिंतीच्या सांध्यातून निघाली, किंवा भिंतीवर मातीच्या बारीक नळ्या चढलेल्या दिसल्या, तर घराखाली जुनं बिऱ्हाड आहे असं समजावं. तिथं खाणारी वाळवी वेगळी, न उडणारी.

उडणारी आणि खाणारी हा फरक शेजारच्या भाषांनी फार पूर्वीच केलेला आहे. घर पोखरते तिला कन्नडमध्ये म्हणतात गेद्दलु, आणि पावसानंतर उडतं ते ईसलु. तमिळमध्ये करैयान आणि ईसल. तेलुगूत चेदलु आणि उसिळ्ळु. एकाच प्राण्याच्या दोन अवस्थांना प्रत्येकी स्वतंत्र शब्द आहे, आणि दोन्ही रोजच्या बोलण्यातले आहेत. बंगळुरूच्या रस्त्यावर ‘मळे हुळ’, म्हणजे पावसाचा किडा, असंही ऐकू येतं. आपल्या कानाला त्यात मळे आणि शेतं दिसतात, पण कन्नडमध्ये मळे म्हणजे पाऊस. प्रमाण मराठीत आपण दोन्हींना वाळवी म्हणतो, फार तर पुढे ‘पंखवाली’ जोडतो. विदर्भ-खानदेशाकडची उधई हीसुद्धा पोखरणारीच. परेश मोकाशींच्या २०२३ सालच्या चित्रपटाचं नाव ‘वाळवी’ आहे एवढ्यावरून प्रेक्षकाला कळतं की आतून काहीतरी कुरतडलं जाणार आहे. संस्थेला, पक्षाला, नात्याला वाळवी लागते. तो शब्द आला की नाशाची वर्दी आली.

अनुवाद करताना हा फरक अडचणीचा ठरतो. कन्नड कथेतली पोरं पहिल्या पावसानंतर परात घेऊन ईसलु गोळा करायला धावतात. मराठीत ती वाळवी गोळा करायला धावली की वाचकाला पोरांचं काहीतरी बिनसलंय असं वाटतं. कथेत मात्र त्या संध्याकाळी चूल पेटलेली असते, परातीत तांदूळ किंवा डाळं भाजलेलं असतं आणि घरात खमंग वास सुटलेला असतो. ईसलु हे खाणं आहे. ज्या भाषेत एखादी गोष्ट ताटात येते त्या भाषेत तिला स्वतंत्र नाव मिळतं, असा एक ढोबळ नियम मांडता येईल. म्हणून हा इतिहास ताटापासून सुरू करायला हवा.

सर्वांत जुनं ताट तमिळमध्ये आहे. पुरनानूरु या संगमकालीन संग्रहातलं ११९ वं गीत कपिलर या कवीचं आहे. पारी हा परंबु डोंगराचा राजा, कपिलरचा मित्र आणि आश्रयदाता. तीन मोठ्या राजांनी मिळून त्याचा डोंगर वेढला, आणि शेवटी पारी मारला गेला. त्यानंतरच्या या गीतात कपिलर त्या डोंगरावरचे पावसाळ्याचे दिवस आठवतो. आठवतं काय, तर नवं धान्य, आणि तांबड्या वारुळातून निघालेली पाखरं घालून शिजवलेलं आंबट ताक. राज्य गेल्याचा शोक करताना कवीला सिंहासन किंवा हत्ती आठवत नाहीत, ताकातली पाखरं आठवतात. आज साधारणपणे ही गीतं इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांतली मानली जातात. दोन हजार वर्षांपूर्वीच्या तमिळ श्रोत्याला या पदार्थाचं स्पष्टीकरण द्यावं लागत नव्हतं, आणि तो सुबत्तेची खूण म्हणून पुरेसा होता.

यात मराठीचा संबंध कुठं येतो? तो येतो तंजावरमध्ये, आणि बंगळुरूमार्गे येतो. १६३८ साली विजापूरच्या फौजेनं केंपेगौडाच्या वंशजाकडून बंगळुरू घेतलं आणि ते शहाजीराजांकडे जहागिरीत आलं. पुढे त्यांचे पुत्र व्यंकोजी इथूनच दक्षिणेला उतरले आणि १६७० च्या दशकात तंजावरच्या गादीवर बसले. बंगळुरू १६८७ मध्ये म्हैसूरच्या चिक्कदेवराजाकडे गेलं. तंजावर मात्र भोसल्यांकडे राहिलं, आणि तिथं एक अनोखं राज्य उभं राहिलं. राजे घरात मराठी बोलत, दरबारात तेलुगू आणि संस्कृत रचना होत, प्रजा तमिळ. कारभाराचे बरेच कागद मोडी लिपीत लिहिले जात. कागद आले की वाळवी आली, आणि तमिळ गावं आली की ईसल आला. वाळवीची ही दोन्ही रूपं एकाच राज्यात, एकाच शतकात समोरासमोर आलेली दिसतात ती इथं.

त्यांची नोंद केली ती एका परक्या माणसानं. योहान गेरहार्ड कोनिग हा बाल्टिक प्रदेशातला जर्मनभाषक वैद्य, लिनियसचा विद्यार्थी. १७६८ साली तो तरंगमबाडीला आला. हे बंदर डेन्मार्कच्या व्यापारी कंपनीनं तंजावरच्या नायकाकडून १६२० साली मिळवलेलं होतं. कोनिग आला तेव्हा भोवतालचा मुलूख तुळजाजीराजांचा होता. वनस्पती गोळा करता करता त्यानं वारुळं फोडून पाहिली. १७७९ साली बर्लिनच्या एका निसर्गअभ्यासक मंडळाच्या प्रकाशनात त्याचा वाळवीवरचा जर्मन निबंध छापून आला. भारतीय वाळवीचं हे पहिलं शास्त्रीय वर्णन मानलं जातं. वारुळाच्या पोटात वाळवी बुरशीची बाग वाढवते हे त्यानं पाहिलं होतं, आणि माणसं पाखरं कशी धरतात हेही.

ती पद्धत अशी. पाखरं उडण्याच्या बेतात असतात तेव्हा वारुळाला दोन भोकं पाडायची, एक वाऱ्याच्या बाजूला आणि एक त्याच्या विरुद्ध बाजूला. विरुद्ध बाजूच्या भोकाशी मडक्याचं तोंड लावायचं. मडकं आतून एका सुगंधी पाल्यानं चोळलेलं असायचं. मग वाऱ्याच्या बाजूला उग्र वासाच्या जिनसांचा धूर करायचा. धुरानं पाखरं पळतात ती मडक्यात भरतात. कधीकधी त्याच वाटेनं नागही बाहेर येतो, म्हणून मडकं जपून उचलायचं. पाखरं पिठात मिसळून त्यांचे निरनिराळे पदार्थ करत, आणि ते गोरगरिबांना परवडतील इतके स्वस्त विकले जात. हंगामात हे खाणं अति झालं की पोटात मुरडा येऊन माणसं दगावतात, असंही त्यानं लिहून ठेवलं आहे.

मडक्याला चोळायचा पाला कुठला? कोनिगनं नाव दिलं आहे बर्गेरा. बर्गेरा कोनिगी हे लिनियसनं १७७१ साली कढीपत्त्याला दिलेलं शास्त्रीय नाव आहे, आणि त्यातला कोनिगी म्हणजे हाच कोनिग. आपण आमटीच्या फोडणीत रोज ज्याचं नाव टाकतो त्या माणसानं मराठ्यांच्या तंजावरात कढीपत्ता चोळलेलं मडकं पाहिलं आणि लिहून ठेवलं.

आज जगातल्या बहुतेक अभ्यासकांना ही नोंद कोनिगच्या निबंधातून कळत नाही. हेन्री स्मीथमन या इंग्रजानं पश्चिम आफ्रिकेतल्या वाळवीवर जोसेफ बँक्सना लिहिलेलं दीर्घ पत्र १७८१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीनं छापलं, आणि ते गाजलं. त्याच्या एका तळटीपेत कोनिगच्या मडक्याची हकिगत इंग्रजीत आली. मुळात ती कुणा तमिळ माणसानं कोनिगला सांगितली किंवा दाखवली असणार. तमिळमधून जर्मन, जर्मनमधून इंग्रजी तळटीप, असा तिचा प्रवास. या प्रवासात झाडाला नाव मिळालं, निबंधाला लेखक मिळाला, पत्राला कीर्ती मिळाली. मडकं धरणाऱ्याचं नाव कुठल्याच भाषेत उतरलं नाही. वारुळाला भोक कोणत्या बाजूनं पाडायचं, नाग कधी येतो, धूर कशाचा करायचा, हे सगळं ज्ञान त्याचं होतं.

आता त्याच राज्यातली दुसरी बाजू. राजवाड्याच्या आवारात सरस्वती महाल ग्रंथालय आहे. नायकांच्या काळापासून चालत आलेला हा संग्रह सरफोजी दुसरे यांनी, म्हणजे १७९८ ते १८३२ या काळात, मोठा केला. संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी हस्तलिखितं, ताडपत्रं आणि मोडी कागदांच्या गठ्ठ्यांनी तो भरलेला आहे. इथली एक जुनी रीत प्रसिद्ध आहे: वेखंड, जिरं, लवंग, मिरं, दालचिनी आणि कापूर यांची पूड करून तिच्या पुरचुंड्या पोथ्यांमध्ये ठेवायच्या. यादी वाचली की ती एखाद्या मसाल्याची वाटते. गावातल्या चुलीपाशी सुगंधी पाला पाखरांना मडक्यात ओढायला वापरत, आणि राजवाड्यात सुगंधी पूड किडींना कागदापासून दूर ठेवायला. दोन्ही ठिकाणी स्वयंपाकघरातल्याच जिनसा कामाला येत होत्या.

पोथ्या आणि वाळवी यांची गोष्ट या प्रदेशात तंजावरच्या मराठ्यांहून कितीतरी जुनी आहे. तेवारम ही संबंदर, अप्पर आणि सुंदरर या तीन शैव संतांची पदं. चौदाव्या शतकातल्या उमापती शिवाचार्यांच्या नावावर असलेल्या पुराणात त्यांच्या शोधाची कथा येते. राजराज चोळाला ही पदं हवी होती. नंबी आंडार नंबी यांच्या मार्गदर्शनानं तो चिदंबरमच्या देवळातल्या एका बंद खोलीपर्यंत पोचला. दार उघडलं तर ताडपत्रांवर वारूळ चढलेलं. तेल ओतून माती सोडवली तेव्हा थोडीच पानं हाती लागली. राजा दुःखी झाला, तेव्हा आकाशवाणी झाली की या युगाला हवं तेवढं ठेवलं आहे.

मला ही कथा फार धीट वाटते. ती नाश नाकारत नाही, आणि नाश करणाऱ्याला शापही देत नाही. उरलेलं पुरेसं आहे असं म्हणण्यासाठी मोठी श्रद्धा लागते. मराठीत दप्तरांचा इतिहास सांगताना असा सूर लागलेला दिसत नाही. वि. का. राजवाड्यांनी वाईला सापडलेल्या कागदांवर आधारलेला ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ मध्ये काढला आणि पुढे आयुष्यभर वाडे, देवळं, माळे धुंडाळत ते हिंडले. त्यांच्या आणि त्यांच्यानंतरच्या संशोधकांच्या पिढ्यांना ओल, वाळवी आणि वाण्याच्या पुड्या हे तीन शत्रू कायमचे. आपला इतिहास कागदांनी लिहिला, म्हणून कागद खाणारी आपल्याला शत्रूच दिसली. तंजावरच्या मोडी कागदांपैकी जे वाचले त्यातल्या काहींचे अनुवाद तिथल्या तमिळ विद्यापीठानं तमिळमध्ये प्रसिद्ध केले आहेत. तमिळ वाचक आता मराठी दरबाराचा हिशेब आपल्या भाषेत वाचतो. वाळवीच्या तोंडून सुटलेलं असं दुसऱ्या भाषेत राहायला गेलं.

मराठी मुलखाला वाळवीचं दुसरं काही ठाऊकच नव्हतं असं मात्र नाही. ती ओळख दप्तराबाहेरची, बायकांची आणि शेतकऱ्यांची आहे. नागपंचमीला वारुळाची पूजा होते. गोव्यात आणि सिंधुदुर्गात सातेरी ही ग्रामदेवता वारुळाच्या रूपात पुजली जाते. कोकणीत त्या वारुळाला रोयण म्हणतात. काही देवळांत गाभाऱ्यात मूर्तीच नसते, मातीचं वारूळ असतं. रा. चिं. ढेरे यांनी ‘लज्जागौरी’त रेणुका, यल्लम्मा आणि सातेरी यांना एका सूत्रात ओवून दाखवलं आहे: वारूळ म्हणजे भूमीची योनी, जिथून जीव बाहेर येतो. पहिल्या पावसानंतर वारूळ उघडून हजारो पंख बाहेर पडताना ज्यानं पाहिले आहेत त्याला हे प्रतीक समजावून सांगावं लागत नाही. तिरुवारूरच्या देवळातला सर्वांत जुना शिव वल्मीकनाथ, वारुळात वस्ती केलेला. त्याच देवळातल्या त्यागराजावर तंजावरचे भोसले राजे लुब्ध होते. शहाजी दुसऱ्यांनी त्याच्यावर तेलुगूत पदं रचली.

गोव्यात तर वारूळ थेट ताटातही येतं. जुलै-ऑगस्टमध्ये रोयणीवर ओळमी उगवतात, आपल्याकडच्या अळंब्या. गावातल्या बायका पानात बांधून त्या रस्त्याच्या कडेला विकतात, आणि चढा भाव देऊन लोक त्या घेतात. कोनिगनं पाहिलेल्या बुरशीच्या बागेचंच हे वर आलेलं फूल. पंखांची पाखरं आणि अळंब्या यांचं वेळापत्रकही जुळलेलं आहे. पहिल्या पावसाला उडालेल्या जोडीची पहिली कामकरी पिलं बाहेर पडू लागतात त्या सुमारास जुन्या वारुळांवर अळंब्या उगवतात, आणि त्यांच्या बीजकणांतून नवं घर आपली बाग सुरू करतं. पोखरणारी, उडणारी, पिकवणारी अशी तिची तीन रूपं. गोव्यानं त्यातलं तिसरं ताटात घेतलं, तमिळनाडूनं दुसरं. दप्तराच्या मराठीनं पहिल्याचंच नाव लक्षात ठेवलं.

वाळवीचं चौथं रूप पाण्याशी जोडलेलं आहे, आणि महादेवपुऱ्याला आज तेच सर्वांत जवळचं असावं. शतपथ ब्राह्मणात एक कथा आहे. विष्णू धनुष्याच्या टोकावर हनुवटी टेकून उभा आहे. देवांना त्याला पाडायचं आहे, पण जवळ जायची छाती नाही. उपदीका, म्हणजे वाळव्या, विचारतात: दोरी कुरतडली तर काय द्याल? देव कबूल करतात की खायला मिळेल आणि वाळवंटातही पाणी सापडेल. दोरी तुटते, धनुष्य ताडकन सरळ होतं आणि विष्णूचं मस्तक उडतं. वाळवीला मिळालेला तो वर पुढे वराहमिहिरानं सहाव्या शतकात कामाला लावला. बृहत्संहितेतल्या दकार्गल या अध्यायात भूजल शोधण्याच्या खुणा आहेत आणि त्यांत वारूळ पुन्हा पुन्हा येतं. जांभळाच्या झाडाच्या पूर्वेला जवळच वारूळ असेल तर झाडाच्या दक्षिणेला दोन पुरुष खोलीवर गोडं पाणी लागतं, अशा प्रकारची ही सूत्रं आहेत. एक पुरुष म्हणजे हात वर करून उभ्या असलेल्या माणसाची उंची. सगळी सूत्रं सगळीकडे लागू पडतील असं नाही, पण त्यामागचं निरीक्षण पक्कं आहे. वाळवीची कातडी पातळ, ती कोरड्या हवेत टिकत नाही. वारुळाच्या आत दमटपणा राखण्यासाठी तिला ओल लागते आणि ती ओल ती खोलातून आणते.

बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवलं की वाळवी मातीचे दोन आकारांचे गोळे करून, लाळेनं सांधून, विटांसारखे रचते, आणि हे काम जमायला मातीत नेमकी ओल असावी लागते. कोरड्या मातीत बांधता येत नाही, चिखलातही नाही. म्हणजे वारूळ ही त्या जागेच्या ओलीची साक्ष आहे.

महादेवपुरा २००७ मध्ये बृहत् बंगळुरू महानगरपालिकेत आला. त्याआधी इथं स्वतंत्र नगरपालिका होती, त्याआधी तळी, नाचणीची शेतं आणि माळ. तळ्यांना जोडणारे ओढे होते, बांधांवर वारुळं होती. आता त्यांवर काच आणि काँक्रीट आहे, आणि पुण्या-नागपूरहून आलेली आमच्यासारखी शेकडो मराठी घरं आहेत. २०२४ च्या उन्हाळ्यात शहरात पाण्याची टंचाई झाली तेव्हा सर्वांत जास्त झळ बसलेल्या भागांत महादेवपुरा होता. कूपनलिका आटल्या, टँकरचे भाव चढले. टँकरची वाट पाहणाऱ्या एखाद्या सोसायटीच्या कुंपणाबाहेर, न बांधलेल्या एखाद्या प्लॉटवर हळदकुंकू लावलेलं वारूळ अजून दिसतं. कन्नडमध्ये त्याला हुत्त म्हणतात. कुणीतरी रोज दूध ठेवून जातं. प्लॉटवर बांधकाम सुरू झालं की पायात औषध मारलं जातं आणि ते वारूळ जातं.

औषध मारू नये असं मी म्हणणार नाही. पुस्तकांच्या घरात राहणाऱ्या माणसाला ते परवडत नाही, आणि सरस्वती महालातल्या वेखंडाच्या पुरचुंड्यांचाही हेतू तोच होता. पण पहिल्या पावसाला दिव्यावर येणाऱ्या पाखरांचा त्या औषधाशी संबंध नाही. ती एक बातमी घेऊन आलेली असतात: आसपास कुठंतरी अजून उघडी जमीन आहे, तिच्यात ओल आहे, आणि कित्येक वर्षं तिला कुणी खणलेलं नाही. ज्या वर्षी महादेवपुऱ्यात पहिल्या पावसानंतर एकही पंख पडणार नाही, त्या वर्षी सोसायटीत कुणी तक्रार करणार नाही. तोटा त्या वर्षी जास्त झालेला असेल.

राहिला शब्दाचा प्रश्न. मराठीनं अक्का आणि अण्णा दक्षिणेकडून घेतले आणि ते इतके आपले केले की परके वाटत नाहीत. ईसल घ्यायला हरकत नसावी. कपिलरच्या ताकात तो आहे, कोनिगच्या मडक्यात आहे, कन्नड पोरांच्या परातीत आहे. अनुवादात मी तो आता तसाच ठेवते. त्यामागे ‘पंखवाली वाळवी’ असं स्पष्टीकरण जोडत नाही, कारण ते जोडलं की पुन्हा दप्तराचा कुबट वास येतो. त्याऐवजी त्याच वाक्यात चूल येऊ देते, भाजलेले तांदूळ येऊ देते, आणि मुळात असेल तर कढीपत्ताही.